हार्डनिंगची शेड : प्रमाणपत्रानंतरचा दुर्लक्षित टप्पा

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळूरूच्या सौम्य हवेत जरबेरा, अँथुरियम व ऑर्किडची ऊतिसंवर्धित रोपे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. बाटलीत आर्द्रता जवळजवळ १०० टक्के आणि साखर आयती. त्यामुळे पानांवरील मेणथर पातळ राहतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. असे रोप उघड्या हवेत काही तासांत मान टाकते. म्हणून सावलीत, ८० ते ९० टक्के आर्द्रतेपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने उतरवली जाते. हे बहुतेक रोपवाटिकांना ठाऊक आहे. मात्र यश मोजले जाते ते केवळ किती रोपे जगली यावर, आणि गफलत तेथेच होते.

आर्द्रता हवेत हवी, मुळाशी चिखल नको. सतत चिंब असलेल्या कोकोपीटमध्ये फंगस नॅट ही बारीक काळी माशी अंडी घालते. तिच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात व त्या जखमांतून पिथियमसारखे रोगकारक शिरतात. रोप मलूल दिसले की कामगार आणखी पाणी देतो. माशीची सोयच होते! कीटकनाशक फवारावे, तर पातळ मेणथरामुळे पाने करपण्याचा धोका. म्हणून भर प्रतिबंधावरच हवा : दुहेरी दार, बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी, ट्रेलगत पिवळे चिकट सापळे. अशा जाळीने हवा कोंडते, हा आक्षेप खरा आहे. बेंगळूरूत ते निभावते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात छताची उंची व जाळीचे क्षेत्र वाढवावेच लागेल. शेडमध्ये शोभेसाठी ठेवलेली जुनी कुंडी मात्र कोठेही नको. ती पांढरी माशी, नागअळी व फुलकिड्यांचे माहेरघर असते.

जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केलेली प्रमाणन व्यवस्था ऊतिसंवर्धित रोपांची विषाणुमुक्तता व आनुवंशिक एकरूपता तपासते. ती मोलाचीच आहे. परंतु विषाणुमुक्त रोप विषाणूला प्रतिकारक्षम नसते. टोस्पोव्हायरस गटातील विषाणू फुलकिडे पसरवतात. जरबेराचे पीक दोन ते अडीच वर्षे उभे राहते, आणि शेडमध्ये लागलेला विषाणू तेवढाच काळ वाफ्यात राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी रोपखरेदीच्या वेळी प्रमाणपत्राबरोबर हार्डनिंगची शेडही पाहण्याचा आग्रह धरावा. ट्रेमधील चार-पाच रोपे उपसून मुळे पांढरी व शाबूत आहेत का, हे तपासावे. पानांची खालची बाजू दहापट भिंगाखाली न्याहाळावी. सापळ्यावर काळ्या माश्यांचा थर दिसल्यास ती तुकडी उचलू नये, मग दर कितीही उतरवून मिळो.