शिरूर नेमके कोणते?



महाराष्ट्रात शिरूर नावाचे तालुके तीन. आपले घोड नदीकाठचे, बीडचे शिरूर कासार आणि लातूरचे शिरूर अनंतपाळ. इंटरनेटवर माहिती शोधताना मुले एकाचे पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडतात, आणि तेच शाळेच्या वहीत उतरते!

हे निस्तरावे कोणी? माझ्या मते गावच्या ग्रंथपालाने. जिल्ह्याचे गॅझेटियर, जुन्या स्मरणिका त्यांच्याच कपाटात असतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तो नुसता वाचायचा नसतो, त्यात कोणालाही लिहिता येते. 'संपादन' दाबावे, दुरुस्ती करावी, पुस्तकाचे नाव व पान द्यावे. आधार नसलेला मजकूर कोणीही काढून टाकू शकतो. शंका 'चर्चा' पानावर विचारावी.

बिचकण्याचे कारण नाही. सरावासाठी तिथे 'धूळपाटी' आहे (नाव जुन्या शाळेतलेच!). कांद्याचे रोप आधी गादीवाफ्यावर, मग शेतात, तसेच हे. शिवाय जुना मजकूर इतिहासात जपलेला असतो, चूक परतवता येते.

दौंडकरांनो, भीमाकाठच्या आपल्या गावाचे पान आजच उघडून पाहा. दोनच ओळी दिसल्या, तर हे कात्रण वाचनालयात नेऊन द्या.