मुलांचा भत्ता आणि वडिलांचे लेखापरीक्षण

महाराष्ट्राबाहेर सरकारी नोकरीत असलेल्या आपल्या वर्गात एक विलक्षण विसंगती नांदत आहे. केंद्राचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी व १ जुलै या तारखांपासून, सुधारला जातो. त्याची घोषणा जरा लांबली की आपण बेचैन होतो. परंतु घरातील बारा वर्षांच्या मुलाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी असे कोणी सुचविताच हेच गृहस्थ उद्गारतात, "हवे ते आणून देतोच की! त्याला पैसे कशाला?"

हा युक्तिवाद वात्सल्याचा भासतो. वस्तुतः तो अविश्वासाचा आहे. मागेल ते मिळते अशा घरात मूल काटकसर शिकत नाही, मागण्याची कला शिकते: आईकडे केव्हा हट्ट धरावा, वडिलांना कोणत्या वेळी गाठावे. रक्कम ठरावीक असली म्हणजे मात्र चेंडू घ्यावा की पुस्तक, हे त्यालाच ठरवावे लागते.

बदलीच्या गावी तर ही निकड अधिकच. आपल्या गावी कोपऱ्यावरचा वाणी मुलाला ओळखतो, मोड मोजून हातावर ठेवतो. सरकारी वसाहतीत सामान बहुधा घरपोच येते. शिवाय २०१६ साली यूपीआय आल्यापासून नोटही दिसेनाशी झाली. वडील फोन पुढे करतात आणि वस्तू घरी येते. पैसा संपतो, हे मुलाच्या दृष्टीसच पडत नाही.

पैसा हाती आला की मुले बिघडतात, हा दुसरा आक्षेप. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली व २०२५ साली ती कायम ठेवली. बँकेला जो विश्वास वाटू शकतो, तो जन्मदात्यास वाटू नये काय? दहाव्या वर्षी पन्नास रुपये वाया घालविणारे मूल स्वस्तात शिकते. पंचविसाव्या वर्षी क्रेडिट कार्डावर तोच धडा गिरविणाऱ्यास तो फार महाग पडतो.

काही पालक भत्ता देतात, पण कचेरीही घरी आणतात. पै-पैचा हिशेब मागतात आणि उरलेली रक्कम महिनाअखेर परत घेतात. न खर्चिलेले अनुदान ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणून खात्याखात्यांत मार्चअखेरची घाई उडते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांनी तिला वित्तीय औचित्याचा भंग ठरविले, तरी ती सरत नाही, हे आपल्याइतके कोण जाणतो? शिल्लक परत जाणार हे कळताच मूलही तीस तारखेला सगळे पैसे उडवील. शिल्लक त्याचीच राहिली पाहिजे. 'नीट ठेवते' म्हणून आई ठेवून घेते ती दिवाळीची ओवाळणीदेखील त्याच्याच खात्यात जावी.

तेव्हा रक्कम लहान असावी, पण तारीख चुकू नये. परीक्षेतील गुणांशी किंवा घरकामाशी तिचा संबंध जोडू नये. घरकाम हे कर्तव्य आहे, त्याला मजुरी लावली की पाण्याचा तांब्या आणून देण्याचाही दर ठरेल. मुलगी असो वा मुलगा, एका वयाला एकच रक्कम. आणि वीस तारखेला खिसा रिकामा झाला, तर पुरवणी मागणी मंजूर करू नये. ते दहा दिवस मुलाला जड जातील, आईवडिलांना त्याहून जड जातील. तरीही ते जाऊ द्यावेत.