शरीराचे गाऱ्हाणे कोणत्या भाषेत मांडावे?

भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची आपली चर्चा बहुधा शाळा, पाठ्यपुस्तके आणि दुकानांच्या पाट्या यांपाशी थांबते. आजारपणामुळे किंवा अपघातामुळे ज्याचे काम सुटले, त्याला सरकारी निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना भाषा किती आड येते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हैदराबादच्या कोठीतील मराठी वस्तीपासून आदिलाबादच्या सीमेवरील खेड्यांपर्यंत तो अनेक घरांत उभा आहे, आणि पोटाशी निगडित असल्यामुळे तातडीचा आहे.

प्रथम कायदा काय मोजतो ते पाहू. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि 40 टक्के ही लक्षणीय दिव्यांगत्वाची मर्यादा ठरविली. तेलंगणात 2014 मध्ये ‘आसरा’ या नावाने सुरू झालेल्या योजनेतही पात्रतेची अट टक्केवारीचीच आहे. तेथील दिव्यांगांचे निवृत्तिवेतन 2023 मध्ये दरमहा 4,016 रुपये झाले. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची अट तर 80 टक्क्यांची, आणि तिच्यात ऐंशी वर्षांखालील लाभार्थ्याला केंद्राकडून मिळतात दरमहा 300 रुपये. ‘मला माझे काम करता येत नाही’ एवढ्यावर यांपैकी एकही योजना दार उघडत नाही. मोजला जातो तो अवयव. बुडालेली मजुरी मोजली जात नाही.

हा भेद आपल्या न्यायालयांना अपरिचित नाही. डावा हात गमावलेल्या सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये त्याची कमाईची क्षमता पूर्णतः गेल्याचे मान्य केले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पुढे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, शारीरिक हानीची टक्केवारी आणि कमाईची हानी या भिन्न गोष्टी आहेत. डावा हात गेला तर वाहनचालकाचा धंदा बुडतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. ही दृष्टी नुकसानभरपाईच्या दाव्यांत रुजली. निवृत्तिवेतनाच्या खिडकीपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.

येथेच भाषेचा प्रश्न शिरतो. शासनाचे कान-नाक-घशाचे रुग्णालय कोठीतच आहे. बहिरेपणाची टक्केवारी काढताना यंत्रातून निघणाऱ्या नादाला भाषा नसते. तो ऐकू आला की नाही, एवढे बोट उचलून सांगितले तरी भागते. मानसिक आजाराचे तसे नाही. तेथे ‘आयडियाज’ ही मापनपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, या चार बाबींवर रुग्णाशी व त्याच्या नातेवाइकांशी बोलून गुण दिले जातात. ज्या घरचा माणूस बोलतो मराठीत आणि ज्याला विचारले जाते तेलुगूत, त्याचे गुण आजारानुसार पडले की दुभाष्याच्या कुवतीनुसार, हे कसे ठरवावे? तोडके तेलुगू बोलणाऱ्याचे मौन आजाराच्या खाती जमा होऊ शकते, आणि त्याने सौजन्याने म्हटलेले ‘बरे आहे’ त्याच्याच विरुद्ध जाऊ शकते.

संविधानाने यावर एक साधन दिले आहे. अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघाच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, संघात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अभिवेदन करता येते. उत्तर त्याच भाषेत द्यावे, असे मात्र हा अनुच्छेद म्हणत नाही. म्हणून मूळ अर्ज ठरावीक नमुन्यात भरणे व्यवहाराचे ठरते. परंतु प्रमाणपत्र नाकारले गेले किंवा टक्केवारी कमी लावली गेली, तर 2016 च्या अधिनियमाच्या कलम 59 खाली अपील करता येते. ते अपील हे माझ्या मते गाऱ्हाणेच होय, आणि ते मराठीत मांडण्याचा आपला अधिकार आहे.

तो वापरताना विवेक हवा. मराठी मूळ प्रत सहीनिशी द्यावी, सोबत तेलुगू किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे आणि पोच घ्यावी. ‘काम होत नाही’ असे मोघम लिहू नये. किती वेळ उभे राहता येते, किती वजन उचलते, पूर्वी दिवसभरात काय करत होतो आणि आता त्यातले काय सुटले, हे तपशिलाने लिहावे. असे तपशील माणसाला परक्या भाषेत सुचत नाहीत.

आणखी एक गोष्ट सीमेलगतच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. कलम 58 नुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. निवृत्तिवेतन मात्र राज्याच्या सीमेशी थांबते. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला त्या राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. कागद सीमा ओलांडतो, पैसा ओलांडत नाही. म्हणून जेथे राहतो तेथील शासनाकडेच आपल्याला दाद मागायची आहे.

तेलंगणा शासनाने उर्दूला दुसऱ्या राजभाषेचे स्थान दिले, ते योग्यच झाले. मराठीसाठी आपण तेवढे मागत नाही. मराठी वस्ती असलेल्या भागांत मराठी माहितीपत्रक आणि मानसिक आजाराच्या तपासणीवेळी मराठी जाणणारा दुभाषी, एवढे मिळाले तरी पुष्कळ अन्याय टळेल. ते मिळेपर्यंत आपल्या संस्थांनी हात द्यावा. कोठीतील इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद आहे, जवळच विवेकवर्धिनी आहे. या परिसरात लिहिते-वाचते मराठी हात कमी नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ अर्जलेखनासाठी राखून ठेवली, तर अंथरुणाला खिळलेल्या एखाद्याच्या घरी दरमहा चार हजार रुपये येऊ लागतील. भाषेची सेवा म्हणून ज्या कामांचा आपण गौरव करतो, त्यांत या कामालाही जागा असावी.