दिवसभर उभ्याचे काम आणि पायमोजे

घोटीच्या राइस मिलमध्ये, महामार्गावरच्या हॉटेलांत, बाजारपेठेतल्या दुकानांत आपल्या वस्त्यांमधली कितीतरी माणसे दिवसभर उभ्यानेच काम करतात. संध्याकाळी घोटे सुजतात, पोटऱ्या जड होतात, कुणाच्या निळ्या शिरा दोरीसारख्या वर येतात. तेल चोळायचे आणि सकाळी पुन्हा कामावर जायचे. हा नुसता थकवा म्हणून सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की हे काम मंदावते, रक्त खाली साचते. कॉम्प्रेशन सॉक्स, म्हणजे दाब देणारे मोजे, इथे उपयोगी पडतात. त्यांचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त असतो आणि गुडघ्याकडे कमी होत जातो. साधा घट्ट मोजा नेमका उलट वागतो; वरच्या इलॅस्टिकने पोटरीच आवळतो. स्वस्त पडला तरी तो नको. आणि फुगलेल्या शिरा मोज्याने नाहीशा होत नाहीत, सूज आणि जडपणा कमी होतो, एवढेच.

रोजच्या कामाला गुडघ्याखालपर्यंतचा, 15 ते 20 एमएमएचजी दाबाचा मोजा बहुधा पुरतो. पाकिटावर हा आकडा पाहूनच घ्यावा. माप सकाळी, सूज नसताना काढावे: घोट्याच्या वर पाय सर्वांत बारीक असतो तिथे, आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाला. नुसत्या चपलेच्या नंबरावर जाऊ नये. सकाळी उठल्याउठल्या घालावा, झोपताना काढावा, वरची कड दुमडू नये. आपल्याकडच्या पावसात पाय कोरडे राहणे कठीण, ओल्या मोज्याने बोटांत चिखल्या होतात. म्हणून दोन जोड हवेत. आवणीच्या चिखलात तर घालूच नयेत.

मधुमेह असलेल्यांनी, किंवा चालताना पोटरी दुखून थांबावे लागते त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे वापरू नयेत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर मोज्याच्या नादी न लागता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उभ्याने काम करणाऱ्याला मधूनमधून बसता यावे, ही तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 44 मध्ये झाली. केरळने 2018 मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठीही ती केली. मोज्याचे पैसे आपल्या पगारातून जातात, स्टुलाचे मालकाच्या गल्ल्यातून. तेव्हा मोजे घ्याच, पण स्टूलही मागा. एकटीने मागणे अवघड जाते, चार-पाच जणींनी मिळून मागावे.