न पाहिलेले सरोवर



पर्वतातील सरोवराच्या प्रवासाविषयी जो लिहितो तो त्या सरोवराच्या काठी उभा राहून आलेला असेल, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकते की, आजचा हा लेख हेमकुंडाविषयी असला तरी ते सरोवर मी पाहिलेले नाही. त्यापासून सुमारे दीड किलोमीटर अंतरावरून मी मागे फिरले. का फिरले आणि त्यातून काय शिकले, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आमचे बिऱ्हाड भिलाईला. 1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्यामागोमाग देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे येथे येऊन वसली. त्यामुळे आमच्या एकाच रांगेत मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि पंजाबी अशी घरे आहेत. शेजारच्या शीख कुटुंबातील आजी साऱ्या रांगेच्या ‘बीजी’. त्या चार वेळा हेमकुंडास जाऊन आलेल्या. त्यांच्या तोंडून त्या जागेचे वर्णन ऐकता ऐकता माझ्या सासूबाईंच्या मनात ते सरोवर घर करून बसले आणि 2023 च्या सप्टेंबरात जाण्याचे ठरले.

हेमकुंड उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात, चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. गुरू गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या ‘बिचित्र नाटक’ या रचनेत सात शिखरांनी वेढलेल्या हेमकुंटाचा उल्लेख येतो. सैन्यातून निवृत्त झालेले ग्रंथी संत सोहनसिंग यांनी 1934 च्या सुमारास त्या उल्लेखाचा माग घेत हे स्थान शोधले, आणि पुढे तेथे लहानसा गुरुद्वारा उभा राहिला. आजची मोठी इमारत नंतरच्या काळातील आहे. स्थानिक लोक मात्र या सरोवरास पूर्वीपासून लोकपाल म्हणून ओळखत आले आहेत, आणि त्याच काठावर लक्ष्मणाचे मंदिरही आहे. वर्षाचे सात-आठ महिने हे सारे बर्फाखाली असते. उन्हाळ्याच्या आरंभापासून ऑक्टोबरपर्यंत वाट खुली राहते, आणि तेवढ्या अवधीत हजारो यात्रेकरू ती चढून जातात.

वाट अशी आहे. ऋषिकेशहून अलकनंदेच्या कडेकडेने जोशीमठ, तेथून गोविंदघाट. गोविंदघाटाहून पुलना गावापर्यंत जीप जाते. पुढे घांघरियापर्यंत पायी किंवा खेचरावरून जावे लागते. घांघरिया सुमारे दहा हजार फुटांवर आहे. तेथून हेमकुंड केवळ सहा किलोमीटर. परंतु त्या सहा किलोमीटरांत चार हजार फुटांहून अधिक चढावयाचे असते.

भिलाई समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर, आणि जमीन ताटासारखी सपाट. सराव करावयाचा तरी कोठे? सासूबाईंना हा प्रश्न पडलाच नाही. दर नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीच्या पायऱ्या चढण्याचा त्यांचा नेम आहे. तेथे आता रोपवे आहे, पण त्या त्यात कधी बसल्या नाहीत. हजाराहून अधिक पायऱ्या त्या आपल्या चालीने चढतात. दोन-तीन पायऱ्या, मग थांबणे, मग पुन्हा दोन-तीन. वयाची बासष्ट वर्षे झाली तरी त्यांना धाप लागलेली मी पाहिली नाही, कारण धाप लागेल इतक्या वेगाने त्या चालतच नाहीत. जुलैपासून दर पंधरा दिवसांनी आम्ही तिघांनी, म्हणजे त्यांनी, माझ्या यजमानांनी आणि मी, डोंगरगडची वारी केली.

माझा धाकटा भाऊ नागपूरला नोकरी करतो. वय सव्वीस, फुटबॉलचा खेळाडू. आमचा बेत ऐकून तोही यावयास निघाला. पण त्याला रजा थोडीच मिळत होती. बीजींनी आम्हांस निक्षून सांगितले होते, “जोशीमठला एक रात्र, घांघरियाला दोन रात्री, मगच वर.” त्याप्रमाणे आमचे वेळापत्रक मी आखले. भावाचे वेळापत्रकही मीच आखले, आणि त्यात त्या रात्री गाळल्या. नागपूरहून दिल्ली, रात्रीच्या गाडीने ऋषिकेश, दुसऱ्या दिवशी सायंकाळी गोविंदघाट, तिसऱ्या दिवशी घांघरिया आणि चौथ्या दिवशी सकाळी आमच्याबरोबर हेमकुंड. “तुला विश्रांतीची काय गरज?” असे मी त्याला हसत हसत विचारल्याचे आजही आठवते.

घांघरियास आम्ही एक दिवस मोकळा ठेवला होता. त्या दिवशी जवळच्या पुष्पघाटीत फिरून आलो. फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकाने 1931 साली कामेत शिखरावरून परतताना ही घाटी पाहिली आणि पुढे तिच्यावर पुस्तक लिहून ती जगाच्या नजरेस आणली. 2005 पासून ती जागतिक वारसास्थळांत गणली जाते. सप्टेंबरात फुलांचा बहर ओसरू लागलेला असतो, तरी उतारावर रंग पुष्कळ होता. सायंकाळी परतलो तो भाऊ येऊन दाखल झालेला! सबंध चढ त्याने आमच्यापेक्षा दीड तास कमी वेळात चढला होता, आणि त्याचा त्याला सार्थ अभिमानही होता. रात्री तो नीट जेवला नाही. डोके जड झाले आहे, म्हणाला. प्रवासाचा शीण असेल, असे मी म्हटले आणि तो विषय तेथेच संपला.

पहाटे अंधारातच निघालो. हेमकुंडावर कोणी रात्री मुक्काम करीत नाही आणि दुपारी खाली निघावेच लागते, म्हणून सारेच पहाटे निघतात. भाऊ पुढे, मी मध्ये, सासूबाई आणि यजमान सर्वांत मागे. तीन-चार तासांनी एका वळणावर तो मला दगडावर बसलेला दिसला. ओठ निळसर, चेहरा फिकट. दोनदा उलटी झाली होती. “ताई, किती राहिले?” त्याने विचारले. मी सांगितले. दोन मिनिटांनी त्याने पुन्हा तेच विचारले, आणि नंतर आणखी एकदा. उठून उभा राहिला तेव्हा तो सरळ चालू शकत नव्हता. पाय एकमेकांत अडकत होते. आणि तरीही तो म्हणत होता, “आता तर आलोच आहोत. एवढ्यासाठी परत जायचे?”

एवढ्यात मागून सासूबाई आणि यजमान येऊन पोहोचले. पुढची पंधरा मिनिटे आम्ही त्या वळणावर उभे राहून वाद घालीत होतो, हे सांगावयास मला संकोच वाटतो. खाली कोणी जावे? यजमान म्हणाले, मी जातो. पण मग सासूबाईंबरोबर वर कोण? सगळ्यांनीच परतावे काय? भाऊ म्हणे, कोणीच परतू नये. शेवटी वरून उतरणारे एक वृद्ध शीख गृहस्थ थांबले. त्यांनी भावाला चार पावले सरळ रेषेत चालून दाखवावयास सांगितले. ते त्याला साधले नाही. तेव्हा ते मला एवढेच म्हणाले, “बीबीजी, इन्हें नीचे ले जाइए, अभी.” मी एक खेचर ठरविले, भावाला त्यावर बसविले, खेचरवाल्याने एका बाजूने व मी दुसऱ्या बाजूने त्याला धरले, आणि आम्ही उतरू लागलो.

हजारएक फूट उतरल्यावर तो पहिल्यांदा नीट वाक्य बोलला. घांघरियाच्या दवाखान्यात त्याला प्राणवायू दिला गेला. तेथील डॉक्टरांनी सांगितले की, आणखी दोन तास वर गेला असता तर प्रसंग कठीण होता. रात्रभर आम्ही जागे राहिलो आणि उजाडताच खाली गोविंदघाटास उतरलो. तेथे पोहोचेपर्यंत त्याला भूक लागली होती.

आता हे झाले कसे, ते समजून घेऊ. उंचीवरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण खालच्याइतकेच, म्हणजे सुमारे 21 टक्केच असते. परंतु तेथे हवेचा दाब कमी असतो. हेमकुंडाच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्के भरतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. या उणिवेशी शरीर जुळवून घेऊ शकते: श्वास खोल होतो, रक्त हळूहळू बदलते. मात्र त्यासाठी त्याला दिवस लागतात. ते दिवस न दिल्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. पुढे फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागले तर जीवावर बेतते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यायामाने कमावलेले शरीर या विकारापासून माणसाला वाचवीत नाही. डोंगरगडच्या पायऱ्यांनी आमचे पाय बळकट झाले, पण विरळ हवेची सवय काही त्यांनी आम्हांस लावली नाही. ती लावली जोशीमठच्या एका आणि घांघरियाच्या दोन रात्रींनी. उलट, तरुण आणि धडधाकट मनुष्य वेगाने चढू शकतो, लक्षणे दिसली तरी ती अंगावर काढतो, आणि म्हणूनच पुष्कळदा तोच अधिक धोक्यात येतो.

वैद्यकशास्त्राचा नियम साधा आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा सुमारे सोळाशे फुटांहून अधिक उंच असू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीस द्यावा. डोके दुखू लागले तर बरे वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, बसल्या जागी धाप लागू लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता खाली उतरावे, मग रात्र असो वा पाऊस. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालून पाहणे ही परीक्षा लहान मुलेही घेऊ शकतात. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीसाठी औषध मिळते, पण तेही त्यांच्याच सांगण्यावरून घ्यावे. मद्य व झोपेच्या गोळ्या कटाक्षाने टाळाव्या.

हे केवळ हेमकुंडापुरते नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता विमानाने थेट लेहला उतरतात आणि लगेच पँगाँग सरोवराकडे मोटारीने निघतात. सिक्कीममधील गुरुडोंगमार तर पाच हजार मीटरांहूनही उंच आहे. हेमकुंडासाठीही 2025 च्या मार्च महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाटापासून 12.4 किलोमीटरांच्या रोपवेस मंजुरी दिली. वृद्धांची आणि अपंगांची त्यामुळे मोठी सोय होईल. तथापि वाहन कितीही वेगवान झाले तरी रक्ताला लागणारे दिवस तेवढेच राहतील. जो वेळ वाटेत वाचेल तो मुक्कामात खर्च करण्याची तयारी प्रत्येकाने ठेवली पाहिजे.

आणि शेवटची सूचना, जी मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळली नाही. घरून निघण्यापूर्वी, दिवाणखान्यात बसूनच, एक गोष्ट ठरवून ठेवा: आजारी पडेल त्याच्याबरोबर परत कोण फिरणार? ते नाव आधी ठरलेले असेल तर वळणावर पंधरा मिनिटे वाया जात नाहीत, आणि आपल्यामुळे सर्वांचा प्रवास फुकट गेला या भीतीने आजारी माणूस आपले दुखणे लपवीत नाही.

सासूबाई त्या दिवशी हेमकुंडास पोहोचल्या. सर्वांच्या शेवटी पोहोचल्या, पण स्वतःच्या पायांनी. परत आल्यावर त्यांनी मला सारे सांगितले: पाणी इतके थंड की बोटे बधिर झाली, सात शिखरांपैकी ढगांतून तीनच दिसली, खडकांच्या आडोशाला ब्रह्मकमळे होती, आणि लंगरातील गरम खिचडीसारखी खिचडी त्यांनी आयुष्यात खाल्ली नाही. ऐकताना मला वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? पण शेजारच्या खाटेवर भाऊ शांत झोपला होता.

आता पुन्हा जावयाचे ठरत आहे. या वेळी भावाने चांगली बारा दिवसांची रजा मागितली आहे. वेळापत्रक मात्र माझ्याकडून काढून घेण्यात आले असून ते सासूबाई आखीत आहेत.