खुर्ची कोणी द्यायची?

घरून काम करण्याची पद्धत २०२० च्या टाळेबंदीत आली आणि टाळेबंदी उठल्यावरही अनेक घरांत मुक्कामाला राहिली. कंपनीने लॅपटॉप दिला, कोणी इंटरनेटचे पैसेही दिले. बसायचे कशावर, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे! मुंब्रा असो की डोंबिवली, लहान घरांतली मुले-मुली पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून आठ-नऊ तास काम करतात. मान धरली की बाम चोळायचा आणि पुन्हा बसायचे.

घरातले मोठे म्हणतात, "नीट ताठ बस." पण दोष त्या मुलीच्या सवयीचा कमी आणि वस्तूचा जास्त आहे. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. कीबोर्ड हाताशी आला की पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला की खांदे उचलून टाइप करावे लागते. टेबलाचेही तेच. बाजारातले टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. पाच फूट उंचीच्या बाईला ते उंच पडते, आणि खुर्ची वर केली तर तिचे पाय लोंबकळतात.

काही गोष्टी थोड्या पैशांत होतात. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्यावा. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी. पडदा हातभर लांब असावा. कोपर साधारण काटकोनात राहावे, पाय टेकत नसतील तर खाली पाट घ्यावा. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. एवढे उद्याच करता येईल.

पण पाठीला आधार देणारी, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची पुस्तकांच्या थप्पीतून तयार होत नाही. तो खर्च कोणाचा? युरोपीय समुदायाने १९९० मध्येच पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या जागेची तपासणी मालकावर सोपवली. ब्रिटनचे १९९२ चे नियम घरून काम करणाऱ्यांनाही लागू आहेत. आपल्याकडेही हा विचार परका नाही. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला. बसायला जागा ही मेहेरबानी नव्हे, कामाचाच भाग आहे, हे या कायद्यांनी मान्य केले. मग तो भाग घराच्या उंबरठ्यावर का संपावा?

कंपनी म्हणेल, तुमचा लोकलचा धक्का वाचला, वेळ वाचला. खरे आहे. पण कंपनीचेही जागेचे भाडे वाचले, वीज वाचली, आणि ऑफिसात जी खुर्ची ती देतच होती तीही वाचली. त्या बचतीतून एक खुर्ची आणि एक कीबोर्ड घरी पोहोचवणे जड नाही.

म्हणून नेमणूकपत्र हाती आले की पगाराच्या आकड्याबरोबर हेही विचारा. एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारा. मागितल्यावर नकार मिळेलही, पण न मागता खुर्ची येणार नाही हे नक्की.