सिस्टरच्या आईला पत्र
मैत्रिणींनो, कोल्हापूरच्या होलीक्रॉससारख्या शाळेत मुलीला सोडताना सिस्टर दिसल्या, की आपण हसून नमस्कार करतो. पण त्यांच्या आईचा विचार कधी मनात आलाय का? सिस्टर होताना दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी ३ व्रतं घ्यावी लागतात. पगार माहेरी जात नाही, तो संघाच्या समाईक खर्चाला लागतो. त्या माउलीने म्हातारपणीचा आधार सोडला, नातवंडांची हौसही!

नाताळला सिस्टरांना साडी, पर्स नको. स्वतःचं म्हणून त्यांना काही ठेवायचं नसतं. त्यापेक्षा त्यांच्या स्वयंपाकघरात गुळाची एक ढेप पोचवा, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. आणि पत्ता विचारून आईला चार ओळी जरूर लिहा : ‘तुमच्या लेकीनं आमच्या लेकीला शिकवलं. तुमचे उपकार आहेत, बाई.’